रायफल टेक्सासहून नॉर्थ कॅरोलायनाला मित्राला पाठवायची आहे, नियम काय?

डाळतडका | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. पाचसहा वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

ह्यूस्टनला राहतो, २०१५ ला सिटिझन झालो. ब्रेनहॅमकडे एका मित्राची जमीन आहे, तिथे रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलेला, एका रात्रीत अख्खं कुरण नांगरल्यासारखं करून टाकतात. त्याच्या नादाने २०१७ ला एक रेमिंग्टन ७०० घेतली, थ्री-ओ-एट, बोल्ट ॲक्शन, लाकडी दस्त्याची. दस्त्यावर उजव्या बाजूला एक ओरखडा आहे, तो ट्रकच्या टेलगेटने पाडलेला, बाकी बंदूक नव्यासारखी. गेल्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं की धक्का बसेल असलं काही करायचं नाही. तेव्हापासून तिजोरीत पडून आहे.

आता माझा जुना रूममेट शार्लटला असतो, त्याला हवी आहे. ६०० डॉलर ठरलेत, त्याने पैसे पण पाठवले. मी तिला नीट बबल रॅपमध्ये गुंडाळून खोक्यात घालून कुरियर करावी असा विचार होता, पण बायको म्हणाली आधी विचार कोणाला तरी. टेक्सासमध्ये तर ओळखीच्याला विकायला काहीच कागद लागत नाही ना? मग साधी पावती लिहून दोघांच्या सह्या केल्या तर चालेल का?

जर्सीकाका | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:०५

वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि ते खोकं आहे तिथेच ठेवा.

अहो, टेक्सासच्या टेक्सासमध्ये विकणं वेगळं आणि दुसऱ्या राज्यात पाठवणं वेगळं. दुसरं आलं की फेडरल कायदा लागतो, १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट. लायसन्स (म्हणजे बंदुकांच्या धंद्याचं फेडरल लायसन्स) नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या, लायसन्स नसलेल्या माणसाला बंदूक द्यायचीच नाही. विकायची नाही, बदल्यात द्यायची नाही, आणि (इथे लोक फसतात) फुकट भेट म्हणून पण द्यायची नाही. कायद्यात 'देणे' हा शब्द वेगळा घातलाय. मुद्दाम केलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत आत. तुमच्या त्या दोन सह्यांच्या पावतीला तिथे कोणी विचारत नाही, उलट तुमच्याच हाताने लिहिलेला पुरावा होईल तो.

मार्ग आहे, सोपा आहे. बंदूक मित्राकडे नाही, मित्राच्या गावातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे जाते. त्याला एफएफएल म्हणतात. तो त्याच्या वहीत नोंद करतो, तुमचा मित्र तिथे जातो, फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याने भरायचा फेडरल फॉर्म) भरतो, डीलर एनआयसीएसला (घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणारी एफबीआयची यंत्रणा) चौकशी करतो आणि मगच बंदूक हातात देतो.

डाळतडका | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:३०

बाप रे. म्हणजे शेजारच्याला विकली असती तर काही नाही आणि वीस वर्षं जुन्या मित्राला दिली तर गुन्हा?

मिनेसोटाची_माऊ | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:४८

हो, असंच आहे :) शेजारच्याचं पण नेहमी सोपं नसतं बरं का. कॅन्सस सिटीला स्टेट लाइन रोड म्हणून रस्ता आहे, त्याच्या एका अंगाला मिझुरी आणि दुसऱ्या अंगाला कॅन्सस. माझी नणंद तिथे राहते. समोरासमोरच्या घरातून साखर मागायला जातात, पण बंदूक द्यायची म्हटली तर मधे डीलर आणायलाच लागतो, कारण समोरचं घर दुसऱ्या राज्यात!

आणि काही राज्यांत राज्याच्या आत पण डीलर लागतो. कॅलिफोर्नियात सगळं डीलरमार्फत आणि वर दहा दिवस थांबायचं. इलिनॉयला एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र. जर्सीचं काका सांगतील.

पुणेरी_पाटी | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:५५

म्हणजे आपल्या बेळगाव सीमेपेक्षा कडक. तिथे निदान ऊस तरी इकडून तिकडे जातो.

जर्सीकाका | १४ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:१०

जर्सीचं काय सांगू. लांब नळीच्या बंदुकीला फायरआर्म्स आयडी कार्ड, हँडगनला प्रत्येकीचं वेगळं परमिट, पोलिस स्टेशनला बोटांचे ठसे. माझ्या कार्डासाठी दोन ओळखीच्या माणसांची नावं द्यायला लागली, एकजण आमच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार. त्याला ईमेल आली तेव्हा त्याने मला फोन केला, "अरे तू काय करणारेस बंदुकीचं, वर्गणी वसूल करणारेस का?"

अभ्यासू_बाळू | १५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७:२०

हा नियम आला कुठून ते माहीत असलं की डोक्यात पक्कं बसतं, म्हणून थोडं अवांतर लिहितो.

१९६३ च्या मार्चमध्ये डॅलसमधल्या एका माणसाने मासिकातलं कूपन कापून शिकागोच्या क्लाइन्स नावाच्या दुकानाला पाठवलं, सोबत २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर. रायफल १९.९५ ची आणि टपालखर्च दीड डॉलर. नाव खोटं दिलं होतं, ए. हिडेल. दुकानाने इटालियन बनावटीची कार्कानो रायफल दुर्बिणीसकट त्याच्या पोस्ट बॉक्सवर पाठवून दिली. ना चौकशी ना ओळखपत्र, कारण तेव्हा ते लागतच नव्हतं. तो माणूस म्हणजे ली हार्वे ओस्वाल्ड, आणि नोव्हेंबरात त्याच रायफलीने केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या.

तरी कायदा व्हायला पाच वर्षं गेली. १९६८ ला आधी मार्टिन ल्यूथर किंग, मग रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली, आणि ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी सही केली. तेव्हापासून मेल ऑर्डरने घरपोच बंदूक बंद. म्हणजे डाळतडका तुम्ही जे खोकं करणार होतात ना, नेमकं तेच थांबवायला हा कायदा आलाय :D

आणि एनआयसीएसची चौकशी फार नंतरची. ती आणणारा ब्रेडी कायदा १९९३ चा, ती यंत्रणा चालू झाली नोव्हेंबर १९९८ ला.

डाळतडका | १५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८:०२

बाळू मस्त माहिती. पण आता पाठवायची कशी ते सांगा कोणीतरी. मी स्वतः डीलरला पाठवू शकतो का इथल्या डीलरकडून पाठवायला लागेल? मला इथला डीलर ७५ डॉलर मागतोय, शिवाय तिकडचा वेगळे घेणार.

खटपट्या | १५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:१५

मी हे स्वतः केलंय त्यामुळे अनुभवाचे बोल लिहितो, दोन वर्षांपूर्वी माझी शॉटगन ॲरिझोनातून कोलोराडोला पाठवली.

कायद्याने तुम्ही स्वतः दुसऱ्या राज्यातल्या एफएफएलला पाठवू शकता, मधे इथला डीलर लागत नाही. अडचण आहे ती नेणाऱ्याची. यूपीएस आणि फेडेक्स दोघंही आता लायसन्स आणि त्यांच्याशी करार असलेल्यांकडूनच बंदुका घेतात, साध्या गिऱ्हाइकाकडून नाही. मी जुनी माहिती वाचून एका कुरियरच्या काउंटरवर गेलो, नाव घेत नाही, सरळ सांगितलं आत काय आहे ते. तिथल्या पोराचा चेहरा असा झाला की जणू मी काउंटरवर साप सोडला. मॅनेजर आला, त्याने दोन बोटांनी खोकं माझ्याकडे ढकललं आणि म्हणाला प्लीज हे बाहेर न्या. मागे रांगेत एक आजी ॲमेझॉनचं पार्सल परत करायला उभी होती, तिने मला आरपार बघितलं.

मग पोस्टात गेलो. यूएसपीएसला रायफल आणि शॉटगन चालते, लायसन्स नसलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यातल्या एफएफएलला पाठवली तर. हँडगन अजिबात नाही, तो १९२७ पासूनचा नियम आहे, छोटी बंदूक खिशात मावते म्हणून. तुमच्याकडे पिस्तूल असतं तर गपचूप त्या डीलरला ७५ डॉलर द्या म्हणालो असतो.

बंदूक रिकामी पाहिजे, चेंबरमध्ये बोट घालून बघायचं, आणि मग परत एकदा बघायचं. खोक्यावर बाहेरून आत बंदूक आहे असं कळेल असं काहीही लिहायचं नाही, कंपनीचं नाव छापलेलं खोकं तर वापरूच नका. सहीवर डिलिव्हरी घ्यायची आणि ट्रॅकिंग. गोळ्या त्यात टाकायच्या नाहीत, वेगळ्या खोक्यात पण नाही, टपालाने काडतुसं जातच नाहीत. लोक उदार होतात ना, दोन डबे उरलेत तेही घे म्हणून, तिथे घोळ होतो.

पाठवायच्या आधी समोरच्या डीलरला फोन. काही डीलर खासगी माणसाकडून आलेलं पार्सल घेतच नाहीत, फक्त दुसऱ्या डीलरकडून घेतात, मग तुमचं खोकं परत. त्याच्याकडून लायसन्सची प्रत मागा, आणि एटीएफच्या (डीलरना लायसन्स देणारं फेडरल खातं) साइटवर ईझी चेक म्हणून पान आहे, तिथे लायसन्स नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की खरं लायसन्स आहे का आणि पत्ता तोच आहे का ते दिसतं. पत्ता जुळला नाही तर पाठवू नका. आणि आत तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स, कोणासाठी आहे त्याचं नाव आणि फोन. नाहीतर डीलरच्या मागच्या खोलीत बेवारशी पडून राहते, माझी अकरा दिवस पडली होती कारण मी चिठ्ठी टाकायला विसरलो.

डाळतडका | १५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ९:४०

खटपट्या तुम्हाला एक चहा माझ्याकडून. हेच पाहिजे होतं.

शांतीदूत_७७ | १५ ऑक्टोबर २०२४, सकाळी १०:३०

मला एक कळत नाही, आपल्या मराठी फोरमवर आता बंदुका कशा पाठवाव्यात याचे धागे यायला लागले? परवा पुरणपोळीचा धागा होता. मुलांना शाळेत सोडताना पोटात गोळा येतो आमच्या आणि इथे बबल रॅपची चर्चा.

मिनेसोटाची_माऊ | १५ ऑक्टोबर २०२४, सकाळी १०:५२

शांतीदूत, पोटात गोळा माझ्याही येतो, दोन मुलं आहेत मला. पण माणूस नियम विचारतोय, पळवाट नाही विचारत. असे विचारणारे जास्त असते तर बरं झालं असतं.

कुडाळकर | १५ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:१०

आमच्याकडे आजोबांची ठासणीची बंदूक होती, माकडं आणि डुकरं नारळी-भाताची वाट लावतात म्हणून शेतीसंरक्षणाचं लायसन्स. नळीत दारू भरायची, वरून चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचं. तोवर माकड अर्धी बाग खाऊन जायचं. निवडणूक आली की ती पोलिस स्टेशनला नेऊन जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, आजोबा तिला माहेरपणाला गेली म्हणायचे. अमेरिकेत अशी ठासणीची विकायची असेल तर तिला पण हेच सगळं का?

अभ्यासू_बाळू | १५ ऑक्टोबर २०२४, दुपारी १२:४०

काय आठवण काढलीत! नाही, फेडरल कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक' धरतात आणि १९६८ च्या कायद्यापुरती ती बंदूकच नाही. ठासणीच्या काळ्या दारूच्या बहुतेक नव्या प्रतिकृती पण त्यातच येतात. राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, तो बघायचा. आणि जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी कलेक्टरचं वेगळं लायसन्स असतं, तीन वर्षांना ३० डॉलर, पन्नास वर्षांपेक्षा जुन्या बंदुका त्यावर थेट घरी मागवता येतात.

(आजोबांची मात्र इकडे आणायच्या भानगडीत पडू नका, आयात वेगळा विषय आहे.)

मिनेसोटाची_माऊ | १५ ऑक्टोबर २०२४, दुपारी १:२५

अजून एक अपवाद माझ्या घरातलाच. माझे सासरे विस्कॉन्सिनचे, हरणाच्या सीझनला सगळं गाव रिकामं होतं तसल्या गावातले. गेले तेव्हा मृत्युपत्रात शॉटगन माझ्या नवऱ्याला ठेवली होती. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळत असेल तर राज्याची सीमा आड येत नाही, डीलर लागत नाही, आमच्याकडे दिराने ती सरळ हातात दिली. पण सासरे जिवंत असताना त्यांनीच मिनेसोटाला येऊन दिली असती तर तो गुन्हा झाला असता. नवरा अजून म्हणतो, बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा कागदपत्रं वेळेवर केली.

डाळतडका | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:१५

अपडेट. शार्लटचा एक डीलर मिळाला, खासगी पार्सल घेतो, ३५ डॉलर. मित्राला सांगितलं की तू फक्त ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन जा. तो म्हणाला पासपोर्ट आणि आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद) पण नेऊ का? तर विचारायचं होतं की एच-वन-बीवाल्याला अजून काही कागद लागतात का फॉर्मला?

पुणेरी_पाटी | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:१९

*पॉपकॉर्न घेऊन बसलो*

जर्सीकाका | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:३१

डाळतडका!!! अख्खा दिवस गेला आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला या देशात बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच बंदी आहे. एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर, सगळे आले. फॉर्म ४४७३ वर सरळ प्रश्नच आहे. विकत घेणं सोडा, रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेतली तरी 'बाळगणं' धरतात. आपली किती पोरं वीकेंडला रेंजवर जातात आणि इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात, त्यांच्या गावीही नसतं.

ग्रीनकार्डवाल्याला ही अडचण नाही, तो सिटिझनसारखाच घेऊ शकतो, फक्त एलियन नंबर लिहायला लागतो.

आणि ही गोष्ट तुम्हालाही लागू होते. समोरच्याला बंदी आहे हे माहीत असून विकली तर विकणारा पण गुन्हेगार, राज्य कुठलंही असो. आता तर तुम्हाला माहीत आहे आणि इथे तारखेसकट लिहून पण ठेवलंत.

सरळसोट | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ८:५०

एवढं काय घाबरायचं, मित्राची बायको सिटिझन नाहीतर ग्रीनकार्डवर असेल तर तिच्या नावावर घ्यायची. पैसे याचे, सही तिची. अर्धी अमेरिका असंच करते.

अभ्यासू_बाळू | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:२०

सरळसोट, तुमच्या आयडीला शोभत नाही हे. याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, आणि २०२२ पासून त्याचा वेगळा गुन्हा केलाय, पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा.

अब्राम्स्कीची केस वाचा. व्हर्जिनियाचा माजी पोलिस, काका पेन्सिल्व्हेनियाला. काकांना ग्लॉक पिस्तूल हवं होतं, पुतण्या म्हणाला मला सवलत मिळते मी घेतो. काकांनी ४०० डॉलरचा चेक दिला, याने व्हर्जिनियात विकत घेतलं, मग पेन्सिल्व्हेनियातल्या डीलरमार्फत रीतसर काकांच्या नावावर केलं. काकांची चौकशी झाली, पास झाली. दोघंही कायद्याने पात्र! तरी पुतण्या दोषी, कारण पहिल्या डीलरच्या फॉर्मवर 'खरा खरेदीदार तूच का' याला हो म्हणाला आणि पैसे आधीच काकांचे होते. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चारने कायम केलं.

तिथे दोघं पात्र असून ही गत. इथे तर नवऱ्याला मुळात बंदी आहे आणि पैसे त्याचेच आलेत.

वेबमास्तर | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री ९:३५

सरळसोट यांचा प्रतिसाद इतरांना कळावं म्हणून ठेवतोय. असे सल्ले पुन्हा दिसले तर धागा बंद करेन.

खटपट्या | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:०५

एक रस्ता आहे, पण कायदेशीर असला तरी नाजूक. नॉन-इमिग्रंटच्या बंदीला अपवाद आहेत त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते असेल तर एच-वनवाला पण फॉर्म भरू शकतो, सोबत आय-९४ (देशात आल्याची नोंद) चा नंबर द्यायचा. माझ्या ऑफिसातल्या एकाने घेतली तशी. पण लायसन्सची मुदत संपली आणि बंदूक कपाटात राहिली की दुसऱ्या दिवशी तो परत बंदीवाला. दरवर्षी तारीख सांभाळायची, आणि हे सगळं ग्रीनकार्डच्या रांगेत उभं राहून. त्याला म्हणावं आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोल.

डाळतडका | १९ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:००

मंडळी, चार दिवस लिहिलं नाही कारण त्याच्याशी आणि त्याच्या वकिलाशी बोलत होतो. वकिलाने सांगितलं कायद्यात बसतं, पण तुझी फाइल या टप्प्यावर आहे, तुला ही डोकेदुखी कशाला? तो म्हणाला राहू दे. ६०० परत केले. त्याची प्रायॉरिटी डेट (ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख) विचारली तर म्हणाला ती येईपर्यंत तुझ्या दस्त्याला वाळवी लागेल.

रायफल काल इथल्याच, टेक्सासमधल्या एका सहकाऱ्याला विकली, ५५० ला. खरं तर लागत नव्हतं तरी डीलरकडे जाऊन चौकशी करून घेतली, आता मला सवयच लागली. तो ओरखडा बघून त्याने ५० कमी केले.

मित्र थँक्सगिव्हिंगला येतोय. ब्रेनहॅमला एक चक्कर मारू म्हणतोय, डुकरं तिथेच आहेत. तिथे खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानडुकराला हंटिंग लायसन्स लागतच नाही, २०१९ पासून, त्यामुळे तो प्रश्न नाही.

जर्सीकाका | १९ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:०४

आहे प्रश्न! टेक्सासला लागत नाही हो, पण मित्राला लागतं. ते लायसन्स डुकरासाठी नाही, त्याच्या व्हिसासाठी आहे. ते नसेल तर बंदूक त्याच्या हातात द्यायची नाही. टेक्सासचं पाच दिवसांचं बाहेरच्यांसाठीचं मिळतं, हंटर एज्युकेशनचा कोर्स ऑनलाइन होतो, आत्ताच करायला सांगा.

पुणेरी_पाटी | १९ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:१२

आणि डुकराचा व्हिसा कुठला आहे तेही बघून घ्या.

डाळतडका | १९ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:३०

काका, फोन लावला त्याला. कोर्सला बसलाय.